मांजराची शुश्रूषा

मांजराइतका टापटिपीचा प्राणी घरात दुसरा क्वचितच असेल. जागेपणीचा कितीतरी वेळ ते अंग चाटण्यात घालविते. त्याच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. आपली नखे ज्या द्रव्याची बनतात, त्याचेच हे काटे. त्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असून ती लाळ थेट केसांच्या मुळाशी पोचवितात, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. एरवी ही जीभ म्हणजे मांजराची फणी आणि पंचा. परंतु कातडीवर शस्त्रक्रिया झाली, की तीच त्याची वैरीण ठरते.

अशी शस्त्रक्रिया अनेक कारणांनी करावी लागते. कधी कुत्र्याने लचका तोडलेला असतो, कधी कातडीत गाठ झालेली असते. पशुवैद्य गुंगीचे औषध देऊन रोगट भाग काढतात व जखमेच्या कडा टाक्यांनी जोडतात. टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर सारी भिस्त घरच्या माणसांवर.

गुंगी उतरेपर्यंत मांजराचा तोल जातो. म्हणून त्याला शांत, उबदार खोलीत जमिनीवरच निजवावे. शौचाच्या पेटीत वाळूऐवजी कागदाचे तुकडे घालावेत, म्हणजे जखमेला कण चिकटत नाहीत.

मांजराने टाके चाटू नयेत म्हणून त्याच्या गळ्यात नरसाळ्यासारखा पट्टा घालतात. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या काळी प्रतिष्ठित लोक मानेभोवती रुंद, चुणीदार गळपट्टे मिरवीत. त्यावरून याला ‘एलिझाबेथी गळपट्टा’ म्हणतात. मांजराला मात्र त्यात काही ऐट वाटत नाही! ते मागे मागे सरकते, दारावर आपटते, केविलवाणे ओरडते. मुलांना दया येते आणि घटकाभर पट्टा काढावासा वाटतो. पण ही दया फार महाग पडते. थोड्याशा चाटण्यानेही टाके उसवतात, जखम चिघळते आणि कदाचित पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येते.

याहून मोठा धोका घरगुती औषधांचा. माणसाचा ताप उतरविणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान आहे. ते औषध निरुपद्रवी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फारच थोडी असते. एक गोळीदेखील त्याचे प्राण घेऊ शकते. जखमेवर हळद किंवा फिनेलही लावू नये. पशुवैद्यांनी दिलेले औषध तेवढेच द्यावे.

मांजर वेदना लपविते. ते कोपऱ्यात दडून बसले, अन्नाला तोंड लावीनासे झाले, तर ती त्याची तक्रारच समजावी. काही दिवसांचा उपासही त्याच्या यकृताला बाधतो. जखमेची सूज वाढू लागली, पू किंवा दुर्गंधी आली, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे.

टाके निघाल्यावर भादरलेल्या जागी हळूहळू केस येतात. सयामी मांजराच्या अंगावर मात्र तेथे काही काळ काळसर ठिगळ दिसते. केस नसल्यामुळे तेथील कातडी गार राहते आणि या जातीत गार कातडीवर गडद रंगाचे केस उगवतात.