ॲक्सोलॉटलच्या पिलांमधील रंगभेद व शारीरिक विकृती

ॲक्सोलॉटल (शास्त्रीय नाव: ॲम्बिस्टोमा मेक्सिकानम) हा मेक्सिको सिटीजवळील सोचिमिल्को परिसरात आढळणारा, अतिसंकटग्रस्त उभयचर प्राणी होय. प्रयोगशाळांत व घरगुती जलपात्रांत मात्र त्याची मोठ्या प्रमाणावर पैदास होते. त्याच्या पिलांतील वेगळा रंग, तात्पुरती इजा आणि आनुवंशिक दोष यांत फरक करणे पैदाशीच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

रंगभेद

मूळ रंग गडद, ठिपकेदार असतो. रंगद्रव्याच्या पेशी त्वचेत नीट न पसरल्यास पिलू पांढरट दिसते, परंतु त्याचे डोळे काळेच राहतात. यास ल्युसिस्टिक म्हणतात. १८६४ साली पॅरिसला नेलेल्या ३४ ॲक्सोलॉटलांत असा एक पांढरा प्राणी होता. कृष्णरंजक द्रव्यच तयार होत नसल्यास डोळेही फिकट वा लालसर दिसतात. पिवळ्या पेशी शाबूत असल्यास अंगाला सोनेरी छटा येते. बाहुलीभोवतीचे चमकदार कडे नसलेले काळसर पिलू मेलानॉइड प्रकारचे असते. हे रंगभेद म्हणजे रोग नव्हेत.

विकृती नसलेली लक्षणे

अंड्यातून बाहेर पडताना पिलाला पाय नसतात. बेडकाच्या उलट, येथे आधी पुढचे व नंतर मागचे पाय फुटतात. पुढच्या पायाला चार व मागच्या पायाला पाच बोटे असणे स्वाभाविक आहे. दाटीत वाढणारी भुकेली पिले एकमेकांचे पाय व कल्ले तोडतात. हे अवयव पुन्हा उगवतात, मात्र कधी पुनर्जननात चूक होऊन बोट कमी वा जास्त येते. असा दोष संततीत उतरत नाही.

आनुवंशिक दोष

काही अप्रभावी जनुकांमुळे गंभीर दोष उद्भवतात. एका प्रकारात हृदयाचे ठोकेच पडत नाहीत; पिलू उबते, काही दिवस पोहतेही, पण अंगात पाणी साचून मरते. दुसऱ्या प्रकारात आखूड बोटांबरोबर मूत्रपिंडाची वाढ बिघडते. तिसऱ्या प्रकारात डोळे तयार होत नाहीत. अशी पिले जगू शकतात, परंतु वंध्य असतात.

ओळख

एकाच पिलात दिसणारा अवयवदोष बहुधा इजेचा असतो. एकाच जोडीच्या अनेक पिलांत, साधारण चौथ्या हिश्श्यात, तोच दोष आढळल्यास तो आनुवंशिक असण्याची शक्यता अधिक असते. आईवडील वरकरणी निरोगी दिसले, तरी ते दोषाचे वाहक असू शकतात. म्हणून अशा जोडीपासून व तिच्या निरोगी दिसणाऱ्या पिलांपासूनही पुढील पैदास टाळणे इष्ट ठरते.