भित्र्या कुत्र्याला धीर कसा द्यावा?

आंबिवली स्टेशनजवळच्या नाल्याकडेला सापडलेली कुत्री आम्ही घरी आणली. झाडू उचलला की ती पलंगाखाली शिरे, लोकलचा भोंगा वाजला की थरथरे. शेजारी म्हणाले, "दोन फटके द्या, सुधारेल." पण जिने मारच खाल्ला, तिला मार काय शिकवणार?

पिल्लाचे 3 ते 14 आठवड्यांचे वय जगाशी ओळख होण्याचे. त्या वयात माणसाचा मायेचा हात लागला नाही, तर पुढे प्रत्येक हाताची भीती वाटते.

वाचकहो, प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून रेबीजची लस टोचून घ्यावी. तिचा कोपरा तिचाच राहू द्यावा. तिथून ओढू नये. रोज ठरल्या वेळी जमिनीवर पाठमोरे बसावे, नजर रोखू नये. उकडलेल्या अंड्याचा तुकडा दूर ठेवावा, दिवसागणिक थोडा जवळ. झाडूही आधी लांब, नुसता पडलेला असावा. तो दिसला की लगेच खाऊ द्यावा. ती मागे सरली, तर घाई आपण केली असे समजावे.

आम्हाला चार महिने लागले. आता झाडू निघाला की ती पळत नाही. उठते, बाजूला होते आणि केर काढून झाला की पुन्हा त्याच जागी येऊन बसते.