कर्ज फिटले, आता नोंदीही दुरुस्त करा

थकीत कर्ज फेडले म्हणजे पत आपोआप सुधारत नाही. प्रथम बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा. सोसायटीने कलम १०१ चा वसुली दाखला किंवा बँकेने कोर्टाचा हुकूमनामा घेतला असल्यास तेथेही वसुली पूर्ण झाल्याची नोंद करवून घ्यावी. त्यानंतर तलाठी कार्यालयात अर्ज देऊन सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' रकान्यातील बोजा कमी करावा.

सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. फेडलेले कर्ज त्यात थकीत दिसल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल न लागल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई मागता येते. तडजोडीत सूट घेतली असल्यास 'सेटल्ड' शेरा राहतो. पैसे घेऊन शेरा पुसून देणाऱ्यांच्या नादी लागू नये. नवे पीककर्ज मुदतीत फेडणे, हाच खरा उपाय होय.