याद्यांतून नेमकी कुटुंबे निवडताना

ग्रामपंचायत असो वा शाळा, तेथील बऱ्याच नोंदी आता संगणकात असतात. तालुक्यातील सर्व कुटुंबांच्या तक्त्यातून केवळ चार गावांची पिवळ्या शिधापत्रिकेची कुटुंबे हवी असतील, तर संगणकास ते सांगावयाचे कसे? यासाठी 'एसक्यूएल' ही भाषा योजतात. माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तिच्या आधारे आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ही भाषा 'सीक्वेल' या नावाने पुढे आणली.

निवडीची अट 'व्हेअर' या शब्दापुढे लिहितात. प्रत्येक गावासाठी 'ऑर', म्हणजे 'किंवा', लिहीत जाता येते. परंतु त्यात एक खोच आहे. 'गाव अ किंवा गाव ब आणि शिधापत्रिका पिवळी' असे लिहिल्यास संगणक 'आणि'ची जोडी आधी लावतो. शिधापत्रिकेची अट मग केवळ ब गावास लागते आणि अ गावातील सरसकट सारी कुटुंबे यादीत येतात. 'इन' हा शब्द लिहून पुढे एकाच कंसात सर्व गावे दिली, की हा घोटाळा टळतो. मात्र नावांऐवजी गावांचे सांकेतिक क्रमांक द्यावेत. बुद्रुक आणि खुर्द यांचा गोंधळ आपल्या परिचयाचाच आहे.

खरी सावधगिरी हवी ती 'नॉट इन' वापरताना. समजा, लाभ मिळालेल्यांचे क्रमांक वगळून उर्वरित कुटुंबांची यादी मागितली. लाभार्थ्यांच्या तक्त्यात एक जरी क्रमांक भरावयाचा राहिला असेल, तर उत्तरादाखल एकही कुटुंब येत नाही! अशा रिकाम्या जागेस ही भाषा 'नल' म्हणते. नल म्हणजे शून्य नव्हे, अज्ञात. तो अज्ञात क्रमांक अमुक कुटुंबाचा नाहीच, असे संगणकास ठामपणे म्हणता येत नाही. आणि अट निश्चित खरी ठरल्यावाचून तो कोणतीही नोंद निवडत नाही. आज्ञेची रचना निर्दोष असल्याने चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. कोरी यादी पाहून 'तालुक्यात कोणी वंचित नाही' असा शेरा पडला, तर एका रिकाम्या रकान्यापायी हक्काची कुटुंबे वाऱ्यावर राहतील.

यास्तव आतील यादीस 'इज नॉट नल' ही अट जोडावी किंवा 'नॉट एग्झिस्ट्स' ही रचना वापरावी. लाभ मिळालेली व न मिळालेली कुटुंबे यांची बेरीज एकूण कुटुंबांइतकी भरते की नाही, हेही यादीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी पडताळून घ्यावे.