पडदा एक, मोजमापे दोन

संगणकाच्या पडद्यावर ८०० बाय ६०० आकाराची भासणारी खिडकी टिपावी आणि स्क्रीनशॉट मात्र १६०० बाय १२०० पिक्सेलचा निघावा, हा प्रकार दाट पिक्सेलच्या पडद्यांवर नेहमीचा आहे. त्यात बिघाड काहीच नसतो. अशा पडद्यांवर अक्षरे फारच बारीक दिसू नयेत म्हणून प्रत्येक घटक मोठ्या प्रमाणात रेखाटला जातो. ३८४० बाय २१६० पिक्सेलचा पडदा २ या प्रमाणावर चालवल्यास वापरणाऱ्याच्या लेखी तो १९२० बाय १०८० एवढाच उरतो.

यांपैकी कोणत्या मोजमापाने चित्र जतन करायचे, हे ठरवण्याची सोय लिनक्सवरील 'ग्रिम' या प्रोग्राममध्ये आहे. वेलँड पद्धतीच्या पडद्यांसाठी असलेला हा प्रोग्राम कमांड लाइनवरून चालतो. '-जी' या पर्यायाने टिपायचा भाग सांगितला जातो. तो वापरणाऱ्याला भासणाऱ्या मापात द्यावा लागतो, प्रत्यक्ष पिक्सेलमध्ये नव्हे. नवख्यांची गफलत बहुधा येथेच होते. '-एस' या पर्यायाने चित्राचे प्रमाण ठरते. '-एस १' लिहिल्यास वरील खिडकीचे चित्र ८०० बाय ६०० पिक्सेलचे मिळते. हा पर्याय न दिल्यास टिपल्या जाणाऱ्या पडद्यांपैकी सर्वांत मोठे प्रमाण आपोआप घेतले जाते. एक पडदा २ वर व दुसरा १ वर असेल, तर दुसऱ्याचे चित्र ताणून मोठे केले जाते. त्याने तपशिलात मात्र भर पडत नाही.

दीडपटीसारख्या अपूर्णांकी प्रमाणांचा प्रश्न अधिक किचकट होता. प्रोग्रामला पूर्वी केवळ पूर्णांकच कळवता येत असे. त्यामुळे तो दुप्पट रेखाटे आणि प्रणाली ते चित्र आक्रसून दाखवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये वेलँडच्या नियमसंचात आलेल्या नव्या तरतुदीनुसार हे प्रमाण १२० छेदाच्या अपूर्णांकात सांगितले जाते. म्हणजे दीडपटीसाठी १८०.

चित्र लहान केले की फाइल हलकी होते, हे खरे. परंतु गाळलेले पिक्सेल त्या फाइलमधून पुन्हा मिळवता येत नाहीत. देवनागरीत तर अनुस्वाराचा ठिपका, रफार किंवा जोडाक्षराची बारीक रेघ पुसट झाली की शब्दच बदलू शकतो. त्यामुळे मोठे प्रमाण गृहीत धरण्याचा 'ग्रिम'चा पवित्रा योग्यच म्हणावा लागेल. पुरावा म्हणून ठेवायचा मजकूर मूळ प्रमाणात टिपावा आणि हलकी प्रत लागल्यास '-एस १' देऊन वेगळी काढावी.