इम्युनोथेरपी म्हणजे ताकदीचं औषध नव्हे. शेत विकायला काढण्याआधी एवढं समजून घ्या

"वडिलांचा तोंडाचा कॅन्सर परत आलाय. मोठ्या दवाखान्यात इम्युनोथेरपी सांगितली. अर्धा एकर काढावं का?" गेल्या महिन्यात आपल्या एका वाचकाचा असा फोन आला. लगेच पुढचा प्रश्न, "इम्युनिटीच वाढवायची असेल तर काढा, पावडर देऊन नाही का भागणार?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आधी हे औषध शरीरात नेमकं करतं काय, ते बघू.

कोळपणीला बैलाच्या तोंडाला मुसकं का बांधतो आपण? मोकळं तोंड असलं तर तो उभ्या पिकाला तोंड लावतो. आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतू लागलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी शोधून मारायचं त्यांचं काम. त्या आपल्याच चांगल्या फुफ्फुसाला, आतड्याला लागू नयेत म्हणून निसर्गानंच त्यांना मुसकं दिलंय. पेशीच्या अंगावर एक बटण असतं, ते दाबलं गेलं की पेशी गप्प बसते. या बटणाला पीडी-१ म्हणतात. जपानचे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९२ साली शोधलं. असंच दुसऱ्या एका बटणावर अमेरिकेचे जेम्स अॅलिसन यांनी काम केलं. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं.

कॅन्सरची गाठ लबाड. ती हेच बटण दाबून धरते. पांढरी पेशी गाठीपर्यंत पोचते, पण मुसकं घट्ट असल्यानं काही करू शकत नाही. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं सलाईनमधून दिली की त्या बटणावर जाऊन बसतात आणि गाठीचा हात तिथवर पोचू देत नाहीत. मुसकं निघालं. आता पेशी गाठीला भिडू शकते.

म्हणजे काढ्याचं उत्तर इथंच मिळालं. बैल अशक्त नव्हता, त्याचं तोंड बांधलेलं होतं. त्याला कितीही पेंड चारा, मुसकं काही सुटत नाही. उलट 'ताकदीच्या' काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि स्टेरॉइड पांढऱ्या पेशींना थंड करतं. लाखोंचं औषध चालू आणि घरात लपून पुडी चालू, असं करू नका. जे काही घेताय ते डॉक्टरांना दाखवा, रागावले तरी दाखवा.

केमोचं काम वेगळं. केमो झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींना थेट मारतं, म्हणून केसही जातात. इम्युनोथेरपीत केस सहसा टिकतात, माणूस चालता-फिरता असतो. त्यामुळे घरच्यांना वाटतं, सोपं औषध आहे. पण मुसकं काढलेला बैल पिकातही शिरू शकतो. पांढऱ्या पेशी आपल्याच आतड्याला लागल्या तर जुलाब सुरू होतात, फुफ्फुसाला लागल्या तर कोरडा खोकला आणि दम, यकृताला लागल्या तर कावीळ. थायरॉइड बिघडतो, अंगावर पुरळ येतं, क्वचित साखर एकदम वाढते. हे पहिल्या डोसनंतर होऊ शकतं, तसं औषध बंद करून काही महिने झाल्यावरही होऊ शकतं.

गावाकडे घोटाळा होतो तो इथंच. जुलाब लागले की आपण मेडिकलमधून गोळी आणतो, दोन दिवस वाट बघतो. इम्युनोथेरपी घेतलेल्या माणसाचे जुलाब म्हणजे पोट बिघडलंय असं धरून चालायचं नाही. त्याच दिवशी कॅन्सरच्या दवाखान्यात फोन करा. गावच्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच सांगा, "पेशंट इम्युनोथेरपीवर आहे." इथं उपचार बहुतेक वेळा स्टेरॉइडचाच असतो, पण तो डॉक्टरांनी मोजून दिलेला. वेळेत दिला तर बहुतेकांचा त्रास आवरतो, उशीर झाला तर जिवावर बेततं. संधिवात, सोरायसिस असले आजार आधीपासून असतील किंवा किडनी बदललेली असेल, तर तेही पहिला डोस घेण्याआधीच सांगा.

आता पैशाचं. पूर्ण डोसचा खर्च लाखांत जातो आणि डोस दोन-तीन आठवड्यांनी परत द्यावा लागतो. गुण सगळ्यांना येतो का? नाही. कातडीचा मेलानोमा, फुफ्फुस, किडनी यांच्या काही कॅन्सरमध्ये चांगला येतो. केमोला न जुमानणाऱ्या तोंडा-घशाच्या कॅन्सरवर निवोलुमॅबची मोठी चाचणी २०१६ साली छापून आली. त्यात शंभरातल्या साधारण १३ जणांची गाठ ठळकपणे लहान झाली. ज्यांना लागू पडतं त्यांना पुष्कळदा लांब पल्ल्याचा फायदा होतो, हेही खरं. पण जमीन विकताना हा १३ चा आकडा डोळ्यांसमोर असावा.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी यावर आपल्या खिशाचा विचार करून एक काम केलं. या औषधाचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिला, सोबत केमोच्या हलक्या गोळ्या. डोंगराएवढ्या खर्चाचा टेकडीएवढा झाला. आजार पुढे गेलेल्या १५१ जणांवर ही चाचणी झाली. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांपैकी वर्षभरानं शंभरात १६ जण हयात होते, थोडं निवोलुमॅब मिळालेल्यांत ४३. आजार मुळातून गेला असं नव्हे, पण तंबाखूनं तोंडं सडवलेल्या आपल्या भागासाठी ही बातमी मोठी आहे. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "आमच्या पेशंटला कमी डोस चालेल का?" असं विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

आणखी दोन प्रकार ऐकायला मिळतील. एक तर आपल्या दंडावरच आहे. टीबीसाठी टोचलेली बीसीजी! मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये गाठ खरवडून काढल्यावर हीच बीसीजी नळीवाटे मूत्राशयात सोडतात आणि साधारण दोन तास लघवी धरून ठेवायला सांगतात. आठवड्यातून एकदा, असं सहा वेळा. तिथल्या पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि आजार परत यायची शक्यता कमी होते. १९७६ पासूनचा हा उपचार आहे.

दुसरा प्रकार कार-टी. यात पेशंटच्याच टी-पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून उभी केलेली देशी कार-टी ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झाली. ती रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही ठरावीक कॅन्सरसाठी आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीला ती लागू नाही, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर 'सगळ्या कॅन्सरवर देशी इलाज' असं आलं तर पुढे ढकलू नका.

फोन करणाऱ्या वाचकाला आम्ही एवढंच सांगितलं. सौदा करायची घाई नको. तुकडा तपासला तेव्हाचा मेणाचा ब्लॉक आणि काचा दवाखान्यातून मागून घ्या. पीडी-एल१ ची तपासणी त्यावरच होते, आणि औषध लागू पडेल का याचा थोडाफार अंदाज त्यातून येतो. ब्लॉक उन्हात ठेवू नका, वितळतो. महात्मा फुले योजनेत नेमकं तुमचं औषध बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्या डोसआधी विचारा. आणि डॉक्टरांना विचारा, "किती डोसनंतर फोटो काढून बघणार? गुण नाही आला तर थांबणार ना?"

औषध सुरू झालंच तर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि दवाखान्याचा फोन नंबर लिहा. त्याच पानाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन कोण निघेल, ते काय सांगता येतं?