जुन्या जीपची गळती

अमेरिकेंत १९४१ पासून सैन्यासाठीं बनूं लागलेल्या जातीची एक जुनी जीप आमच्या पुतण्यानें घरीं आणली. तिच्या कार्बुरेटरमधून पेट्रोल थेंबथेंब धुराड्याच्या तापल्या नळावर पडत होतें, आणि चिरंजीव म्हणत होते, "काका, सहलीहून आल्यावर पाहूं!" आम्हीं निक्षून सांगितलें, "गाडींत लेंकरें बसणार. आधीं गळती, मग सहल."

वाचकहो, रचना सोपी आहे. वाटींत पेट्रोल भरतें तसा पोकळ पितळी फ्लोट वर उचलला जातो व सुईनें वाट बंद करतो. सुईखालीं कचरा अडकला, सुई झिजली किंवा फ्लोटास छिद्र पडलें, कीं वाटी वाहूं लागते.

इंजिन निवूं दिलें, बॅटरीची तार सोडली व झांकण उघडलें. काढलेला फ्लोट गरम पाण्यांत बुडवतांच बुडबुडे आले, रोग सांपडला! पुतण्यास डाख देण्याचा मोह झाला. परंतु पोकळींत उरलेल्या पेट्रोलाचा ज्वाळेनें स्फोट होतो. म्हणून फ्लोट नवा घातला, सुई व तिची बैठक जोडीनें बदलली, पॅकिंग नवें बसवलें आणि फ्लोटाची उंची मोजून लावली. गळती थांबली.

चिरंजीवांस एवढेंच म्हणालों : थेंब लहान असतो, आग लहान नसते.